चप्पल मागं राहिली, ते आधी बघ

"ताई, माझे सासरे, मामा, ५८ वर्षांचे आहेत. मार्केट यार्डात गुळाची हमाली करतात. कंबर धरली की मेडिकलमधून गोळी आणतात आणि सकाळी परत कामावर. काम सोडा म्हटलं की ताटावरून उठतात. परवा घरी येताना उजव्या पायातली चप्पल बोळात राहिली, त्यांना कळलंसुद्धा नाही. मी सून, किती बोलणार?"

अगं, चप्पल तू शेवटी लिहिलीस, मी तिथूनच सुरुवात करते. पावलाला चप्पल जाणवत नाही म्हणजे कमरेत शीर दबलेली असू शकते. उद्याच सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, हाडांच्या ओपीडीत न्या. डॉक्टर बघेपर्यंत गुळाचा एक रवासुद्धा, म्हणजे एक ढेपसुद्धा, उचलायची नाही. मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर सकाळ उजाडायची वाट बघू नका, त्याच रात्री न्या. हे ते तुला सांगणार नाहीत, म्हणून सासूबाईंच्या कानावर घालून ठेव.

गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत ने. या गोळ्या रोज पोटात गेल्या की जठराला जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला तर जास्तच.

आता 'काम सोडा' हे बोलणं घरात बंद करा. तीस किलोचा रवा पाठीवर घेऊन ज्यानं घर चालवलं, त्याला ते 'तुम्ही संपलात' असंच ऐकू येणार. आपल्या तालमीत बघ, कुस्ती सुटलेल्या पैलवानाला कुणी बसून खातो म्हणतं का? वस्ताद म्हणतात. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली तर तुझ्या नवऱ्यानं मुकादमांना भेटावं. रवे मोजणं, बारदान शिवणं, नव्या पोरांना थप्पी लावायला शिकवणं, यातलं काहीतरी मामांकडं द्या म्हणावं. हा विषय मुकादमांनीच काढलेला बरा. मजुरीच्या वाटणीत थोडं कमी येईल, ते आधीच धरून चाला.

हमालांच्या माथाडी मंडळात त्यांची नोंद आहे का, तेही विचारून घ्या. कायदा १९६९ चा आहे. नोंद असेल तर भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी त्यांच्या हक्काची.

हे सगळं दिवाळीच्या आत उरका. पाडव्याला गुळाचे सौदे निघाले की मामा कुणाचं ऐकायचे नाहीत. आणि तोवर त्यांना मागं पट्टा असलेली सँडल घ्या. कोल्हापुरात राहून कोल्हापुरी घालू नका म्हणतेय, पण इलाज नाही.