ऑफिसातला मोदक

प्रश्न : सलाम काका, मी मूळची नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली, आता हिंजवडीत जॉब करते. ऑफिसात दरवर्षी गणपती बसतो आणि आरती झाली की प्रत्येकाच्या डेस्कवर मोदक येतो. मागच्या वर्षी मी "माझा उपास आहे" म्हणून टाळलं आणि दुपारी टीम लीडने मला कॅन्टीनमध्ये अंडा बिर्याणी खाताना बघितलं. आजी म्हणते प्रसाद तोंडात घालायचा नाही म्हणजे नाही, भाऊ म्हणतो तू कुठल्या जमान्यात राहतेस. यंदा तर आरतीचं ताट धरणाऱ्यांच्या लिस्टमध्ये माझं नाव आलंय. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अगं, मला त्या मोदकापेक्षा तो उपासच जास्त खटकला बघ. खायचं नव्हतं तर "मला चालत नाही" एवढं म्हटलं असतंस तर लोकांनी दोन मिनिटं बघितलं असतं आणि विसरले असते, आता ती बिर्याणी काही कोणी विसरत नाही.

बाकी तुझा प्रश्न जवळपास दोन हजार वर्षं जुना आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, प्रेषित पौलाला हेच विचारलं होतं, आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, बायबलात, तर तिथे शब्दही 'नैवेद्य' असाच आहे. तिथे देवळाला लागूनच जेवणाच्या खोल्या असायच्या, चार लोकांत जेवणं व्हायची ती अशा ठिकाणी, बाजारातलं मटणही बरेचदा देवळातूनच आलेलं, म्हणजे प्रत्येक वेळी नको म्हणायचं तर माणसांतूनच उठायचं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की मूर्तीत काही नाही, अन्नाने काही बिघडत नाही, पण माझ्या खाण्याने भावाला ठेच लागत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. दहाव्यात म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर जा, वाढतील ते खा, चौकशा करत बसू नका, मात्र कोणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. तुझा भाऊ यातलं अर्धंच वाचतोय आणि आजी उरलेलं अर्धं.

पण आजीला जुनाट म्हणू नका रे. आपल्या नगर जिल्ह्यातली बरीचशी ख्रिस्ती घरं एकोणिसाव्या शतकात महार-मांग वाड्यांतून आलेली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली नाही, ज्यांच्या हातावर काही द्यायचं तर ते वरून टाकलं जायचं, त्यांच्या नातवंडांनी प्रसादाला नको म्हणणं हे नुसतं धर्मशास्त्र नसतं. तुमच्या घरात काय घडलं ते मला माहीत नाही, एकदा तिच्याजवळ बसून विचार, मोदकाचा विषय न काढता.

माझं मत विचारशील तर डेस्कवर कोणी प्रेमाने आणून ठेवलेला मोदक तू खाल्लास तरी तुझा विश्वास जात नाही, नाही खाल्लास तरी वाढत नाही. पण मंडळीतली नवीन बाप्तिस्मा घेतलेली एखादी मुलगी तुझ्याच ऑफिसात असेल आणि तुला बघून गोंधळत असेल तर मी खाणार नाही. ताटाची गोष्ट मात्र वेगळी. आरती चालू असताना बाजूला शांत उभं राहणं हा मान झाला, ताट हातात घेणं ही उपासना, आणि प्रभूच्या आणि मूर्तींच्या अशा दोन मेजांवर बसता येत नाही हे पौलाने त्याच दहाव्या अध्यायात सांगितलंय. लिस्ट करणाऱ्याला आजच मेसेज कर, आदल्या दिवशी नको. डेकोरेशनला थांब, रांगोळी काढ, खुर्च्या लाव, काम कमी नसतं.

आणि हे सगळं एका झटक्यात ठरत नाही गं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, तुकारामाच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र बाप्तिस्म्यापर्यंत यायला आणखी पाच वर्षं लागली, सोवळं-ओवळं हळूहळू सुटत गेलं. एकाच घरात दोन वेग होते.

नाताळात आजीच्या हातच्या करंज्या डबा भरून ऑफिसात ने. कोणी "मला नको" म्हणालं तर उपास आहे का म्हणून विचारू नकोस म्हणजे झालं.