शेततळ्यावरून मारायचं का?

प्रश्न: रावेरकडे आमची केळीची बाग आहे, कडेला दीड-दोन एकर पडीक पट्टा अन् शेततळं. मुलगा पुण्यात गोल्फ शिकलाय, त्याला तळ्यापलीकडे ग्रीन (झेंडा अन् खड्डा असलेला बारीक गवताचा तुकडा) करून एक छोटं होल, म्हणजे मारायच्या जागेपासून त्या खड्ड्यापर्यंतचा पट्टा, करायचंय, टीव्हीवर दिसतं तसं. पण खेळणार सगळेच, सत्तरीतले आबा, माझी बायको, दहा वर्षांची पुतणी. कसं करू?

उत्तर: भाऊ, तळ्यावरून शॉट अजिबात नको. तळ्याचा प्लास्टिक कागद किती निसरडा असतो तुम्हाला माहितीये, बॉल काढायला पोरगी उतरली तर वर येता येत नाही, त्यामुळे आधी तिथे कुंपण घाला अन् खेळ तळ्यापासून लांब न्या. मुलाच्या डोक्यात फ्लोरिडातल्या सॉग्रास कोर्सचं १७ वं होल असणार, जेमतेम १३७ यार्ड, पण ग्रीनला जवळजवळ चहूकडून पाणी, म्हणजे ज्याचा बॉल उडत नाही त्याला वाटच नाही. मला विचाराल तर घरच्या होलसाठी तो नमुना चुकीचाच.

त्यापेक्षा स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिक कोर्सचं १५ वं होल बघा, त्याला रेडान म्हणतात. तिथे ग्रीन तिरपं आहे, पुढे डावीकडे खोल बंकर, म्हणजे रेतीचा खड्डा, अन् उतार उजवीकडून मागे डावीकडे. जोर असलेला बंकरवरून थेट झेंड्याकडे मारतो, बाकीचे उजवीकडे टाकतात अन् बॉल घरंगळत आत जातो. तुम्ही बंकरऐवजी गवताचा खळगा करा, आपल्या काळ्या मातीत बंकर केला तर पावसाळ्यात डबकंच होईल.

उजवीकडची वाट मात्र जीव लावून करा, आबांचा बॉल तिथूनच जाणार आहे. मे महिन्यात भेगा पडतात, त्यात बॉल गायब होतो, श्रावणात चिखलात रुततो, म्हणून तेवढ्या पट्ट्यावर मुरूम टाकून रोलर फिरवा. ग्रीनला पाणी पुरणार नसेल तर सरळ गवताऐवजी रेतीचं ग्रीन, म्हणजे ब्राउन करा, आपल्याकडे कोरड्या भागात बरेच कोर्स असेच चालतात.

टी, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागा, तीन ठेवा, ग्रीनपासून साधारण १२०, ८५ अन् ५० यार्डांवर, पण एका रेषेत नकोत. मागची टी अशी की खळगा बरोब्बर आडवा येईल, पुढच्या दोन उजवीकडे सरकवा म्हणजे समोर मोकळी वाट दिसेल. अन् पुतणीसाठी दुसरा मोठा कप, म्हणजे बॉल पडायचा खड्डा, खणा, नियमातला ४.२५ इंच रुंद असतो, तिचा दुप्पट असला तरी चालेल.