भाजलेले पदार्थ आणि टॉपिंग्ज एकाच मोठ्या थाळ्यात मांडायचे असल्यास काय काळजी घ्यावी?

पंचवीसएक माणसांसाठी तुम्ही उघड्यावर ग्रिल लावणार आहात. भाजलेले सर्व पदार्थ आणि त्यांवर घालायचे कांदा, टोमॅटो, चीज, सॉस वगैरे एकाच मोठ्या थाळ्यात मांडून मधोमध ठेवायचे, म्हणजे ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, असा तुमचा बेत आहे. सगळे गरम कसे राहील, ओले होऊन मऊ कसे पडणार नाही आणि मांस न खाणाऱ्यांची सोय कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. अशा जेवणांची मांडणी मी नेहमी करते आणि ती मनापासून आवडत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट अशी, की एकच भलामोठा थाळा भरण्याचा विचार सोडून द्यावा. त्याऐवजी मध्यम आकाराचे थाळे करावेत, त्यांत एका वेळी पंधरा-वीस मिनिटांत संपेल इतकेच वाढावे, गरम पदार्थांचा थाळा आणि थंड टॉपिंग्जचा थाळा वेगळा ठेवावा, आणि एक थाळा संपत आला की त्यातच नवीन माल न ओतता दुसरा स्वच्छ थाळा आणून ठेवावा. बाकीचे बहुतेक प्रश्न एवढ्यानेच सुटतात.

पदार्थ उघड्या थाळ्यात पसरून ठेवले की पातळ तुकडे काही मिनिटांतच कोमट होतात, कारण त्यांचा पृष्ठभाग मोठा आणि वस्तुमान थोडे असते. चव जाते ती जातेच, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातील जिवाणू झपाट्याने वाढतात आणि अनुकूल परिस्थितीत त्यांची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणून शिजवलेले अन्न या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेरचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त ठेवू नये, असा नियम आहे. अर्ध्या रिकाम्या थाळ्यात ताजे तुकडे घालत राहिल्यास तळाशी राहिलेल्या जुन्या तुकड्यांचा वेळ मोजता येत नाही, आणि वाढणाऱ्यालाही कोणता तुकडा केव्हाचा हे सांगता येत नाही. पूर्ण थाळाच बदलला की हा हिशेब आपोआप स्वच्छ राहतो.

थाळा कशाचा असावा, याचाही विचार करा. जाड चिनीमातीचा किंवा ओतीव लोखंडाचा थाळा ओव्हनमध्ये ८० ते ९० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे तापवून घेतला तर तो बराच वेळ ऊब धरतो, मात्र त्याच्याखाली लाकडी पाट आणि कडेला जाड फडके हवे, आणि तो गरम आहे हे घेणाऱ्यांना सांगायला हवे. पातळ स्टीलचा थाळा लवकर तापतो आणि तितक्याच लवकर निवतो. लाकडी पाट दिसायला सुंदर असतो, पण तो रस शोषून घेतो आणि नंतर नीट स्वच्छ करायला कठीण जातो, त्यामुळे त्यावर मी फक्त पाव आणि भाजलेल्या कोरड्या भाज्या ठेवते. गरम राहावे म्हणून पदार्थांवर अॅल्युमिनियमची फॉइल घट्ट लावण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण आत कोंडलेली वाफ खरपूस झालेल्या पृष्ठभागावरच उतरते आणि ज्या कुरकुरीतपणासाठी आपण निखारे पेटवले तोच नाहीसा होतो. झाकायचेच असेल तर फॉइल सैल ठेवावी आणि एका बाजूने वाफेला वाट द्यावी.

ग्रिलवरून काढलेला मांसाचा मोठा तुकडा लगेच थाळ्यात घेऊ नये. तो पाच ते दहा मिनिटे तारेच्या जाळीवर ठेवावा. जाळीवर खालूनही हवा लागते, त्यामुळे तळ ओला होत नाही, आणि या विश्रांतीत आतील तापमान आणखी काही अंशांनी चढते. कापल्यावर रस कमी वाहतो, त्यामुळे थाळ्यात पाणी साचत नाही. तुकडे शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नका, टोचायचा थर्मामीटर वापरा. चिकन किंवा कोणताही पक्षी ७४ अंश, खिम्याच्या पॅटी ७१ अंश, अखंड मांसाचे तुकडे ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती, मासे ६३ अंश, हे आकडे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. मोठा तुकडा कापताना सुरी तंतूंना आडवी चालवावी आणि काप बोटाएवढे जाड ठेवावेत, कारण उभ्याने खाणाऱ्या माणसाच्या हातात सुरी नसते.

गरम थाळ्यातील मांडणी रंगसंगतीवर न ठरवता कोण किती पाणी सोडतो आणि कोण किती लवकर वाळतो, यावर ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. मशरूम, वांगी आणि टोमॅटो भाजल्यानंतरही पाणी सोडत राहतात, त्यामुळे त्यांना खरपूस पॅटी किंवा कुरकुरीत कातडीच्या चिकनला चिकटून ठेवू नये. त्यांच्यासाठी थाळ्याची एक कड किंवा एक उथळ वाडगा राखून ठेवावा. मक्याची कणसे, सॉसेज आणि हाडासकट असलेले चिकनचे पाय बराच वेळ रसदार राहतात, म्हणून ते अधिक प्रमाणात ठेवले तरी चालते. चिकनच्या छातीचे पातळ काप मात्र चटकन कोरडे पडतात, तेव्हा ते थोडेथोडेच आणावेत. सगळे एका थरात ठेवावे. ढीग रचला तर तळचे तुकडे वाफेने मऊ पडतात आणि वरचे थंड होतात. मासा मी कधीच सामायिक थाळ्यात ठेवत नाही. तो चिमट्याने उचलताना तुटतो आणि त्याचा वास शेजारच्या पदार्थांना लागतो. ग्रिलवरून रुंद उलथण्याने थेट खाणाऱ्याच्या ताटात घालणे हेच त्याच्या बाबतीत उत्तम.

टॉपिंग्जकडे मात्र बहुतेक जण दुय्यम म्हणून पाहतात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे जेवणाची खरी चव तिथेच ठरते. भाजलेल्या पदार्थात मेद, मीठ आणि धुराची चव भरपूर असते. त्याला उणीव भासते ती आंबटपणाची, ताजेपणाची आणि कुरकुरीतपणाची. म्हणून टॉपिंग्ज निवडताना किमान एक आंबट, एक ताजे, एक कुरकुरीत आणि एक स्निग्ध अशी निवड असावी. व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी किंवा कांदा, लेट्यूसची पाने, बारीक चिरलेली कोबी, आणि मेयोनीज किंवा मऊ चीज, एवढे पुरेसे होते. बारा वाडगे भरून अर्धे उरण्यापेक्षा पाच-सहा टॉपिंग्ज शेवटच्या माणसापर्यंत ताजी राहणे मला अधिक मोलाचे वाटते.

कांदा चिरताना त्यातील पेशी फुटतात आणि गंधकाची तिखट संयुगे तयार होतात. पातळ चकत्या थंड पाण्यात दहा मिनिटे ठेवल्या की त्यांतली बरीचशी धुऊन जातात, कांदा सौम्य होतो आणि अधिक कुरकुरीतही लागतो. मात्र नंतर तो पूर्ण निथळून फडक्यावर कोरडा करायला विसरू नये. टोमॅटोला आधी मीठ लावून ठेवू नये, कारण मीठ पाणी बाहेर ओढते आणि अर्ध्या तासात वाडग्यात रस साठतो. ते शेवटच्या क्षणी कापावेत, कागदी रुमालावर हलके टिपावेत आणि मिठाचे भांडे शेजारी ठेवावे. लेट्यूस धुतल्यावर नीट वाळवला नाही, तर त्यावरचे पाणी पावात मुरते आणि सॉस पानावरून घसरतो. कापलेला टोमॅटो आणि कापलेली पानेसुद्धा नाशिवंत अन्नातच मोडतात आणि ती ५ अंशांच्या खाली ठेवायची असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यासाठी एका खोलगट ताटात बर्फ भरून त्यात टॉपिंग्जचे लहान वाडगे रुतवून ठेवावेत आणि वितळलेले पाणी वाडग्यात शिरणार नाही इतकी त्यांची काठाची उंची असावी. भाजलेला कांदा किंवा भाजलेली भोपळी मिरची ही टॉपिंग असली तरी तिची जागा गरम थाळ्यात आहे, बर्फावर नाही.

चीजचे काप थंड थाळ्यात ठेवून पाहुण्यांवर सोडले, तर ते कोमट पॅटीवर कधीच नीट वितळत नाहीत. ज्यांना चीज हवे त्यांच्या पॅटीवर ते ग्रिलवरच शेवटच्या मिनिटाला ठेवावे आणि झाकण लावावे. चीज असलेल्या आणि नसलेल्या पॅटी थाळ्याच्या दोन वेगळ्या बाजूंना लावल्या की कोणाला विचारावे लागत नाही. पाव मात्र थाळ्यात ठेवूच नयेत. ते कापलेल्या बाजूने ग्रिलवर हलके भाजून कापडात गुंडाळून वेगळ्या टोपलीत द्यावेत. भाजलेली बाजू ओलावा लवकर शोषत नाही, आणि त्यावर लोणी किंवा मेयोनीजचा पातळ हात फिरवला तर रस पावात शिरण्याआधी मेदाचा थर आडवा येतो. म्हणून पाहुण्यांना खालून वर असा क्रम सुचवावा: पाव, मेयोनीज, पान, मग पॅटी आणि तिच्यावर टोमॅटो, कांदा. सॉस उथळ वाडग्यांत थोडे थोडे ओतावेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र चमचा द्यावा. एकच चमचा सगळीकडे फिरला की अर्ध्या तासात सर्व सॉसांची चव एकसारखी होते. कच्च्या अंड्याचे घरी केलेले मेयोनीज उघड्यावरच्या जेवणात ठेवू नये.

मांस न खाणाऱ्यांची सोय ही कडेला सरकवून ठेवायची गोष्ट नाही. त्यांचा थाळा वेगळा असावा, चिमटा वेगळा असावा आणि ग्रिलची जाळी स्वच्छ असतानाच त्यांचे पदार्थ सर्वांत आधी भाजून घ्यावेत, म्हणजे चरबी आणि मसाल्याचा प्रश्नच उरत नाही. ग्रिल मोठे असेल तर त्याचा अर्धा भाग शेवटपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवावा. काही गोष्टी नजरेआड होतात, त्या सांगून ठेवते. वूस्टरशायर सॉसमध्ये पारंपरिक पद्धतीने अँकोव्ही मासे असतात, आणि काही कडक चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरून बनवतात, त्यामुळे बाटलीवरचा आणि पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा. अॅलर्जीच्या बाबतीतही हेच. पावावरचे तीळ दिसतात, पण सॉसमधले तीळ, शेंगदाणे किंवा मोहरी दिसत नाहीत. युरोपीय संघाच्या यादीत लेबलवर दाखवणे बंधनकारक असलेले १४ अॅलर्जीकारक घटक आहेत आणि त्यांत तीळ व मोहरी दोन्ही येतात. अमेरिकेत तिळाचा समावेश २०२३ पासून मुख्य अॅलर्जीकारक घटकांत झाला. प्रत्येक वाडग्यासमोर जाड कागदाची एक चिठ्ठी ठेवून त्यावर सॉसचे नाव आणि असे घटक लिहावेत, आणि सुका मेवा असलेला सॉस टेबलाच्या अगदी टोकाला, स्वतंत्र चमच्यासह ठेवावा.

कच्चे मांस ज्या ताटातून ग्रिलपर्यंत आणले त्याच ताटात भाजलेले तुकडे परत घेऊ नयेत. घाईत हीच चूक सर्वांत जास्त होते, म्हणून कच्च्या मालासाठी वेगळ्या रंगाचे ताट आणि वेगळा चिमटा ठेवण्याचा माझा आग्रह असतो. वरून लावायचा मसाला हवा असेल तर तो मांस मुरवण्याआधीच वाटीत बाजूला काढावा. मांस मुरवून उरलेला मसाला खळखळून उकळल्याशिवाय सॉस म्हणून वापरू नये.

टेबलाची रचना साधी ठेवा. एका टोकाला रिकामी ताटे आणि पाव, मग गरम थाळे, त्यापुढे टॉपिंग्ज, शेवटी सॉस आणि रुमाल. टेबल भिंतीला टेकवू नका, दोन्ही बाजूंनी घेता आले की पंचवीस माणसांची रांग निम्मी होते. जागा सावलीत आणि धुराच्या उलट दिशेला हवी, आणि माश्यांसाठी जाळीची झाकणे हवीत. प्रमाणाबाबत एवढेच सांगते की भाजताना मांसाचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटते, म्हणून बिनहाडाचे कच्चे मांस माणशी २०० ते २५० ग्रॅम धरावे. कणसे आणि हाडासकट तुकडे आधी ग्रिलवर चढवावेत, पातळ पॅटी आणि काप पाहुणे टेबलापाशी आल्यावर.

जेवण आटोपल्यावर उरलेल्या अन्नाचा निर्णय घड्याळाकडे पाहून घ्यावा, चव घेऊन नाही, कारण काही जिवाणूंची विषद्रव्ये पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाहीत. जे ग्रिलवरून उतरल्यापासून दोन तासांच्या (बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एका तासाच्या) आत आहे ते पाच सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या थरात उथळ डब्यांत भरून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि पुढील तीन-चार दिवसांत ७४ अंशांपर्यंत गरम करून संपवावे. पाहुण्यांचे चमचे फिरलेले सॉस, बर्फ वितळून कोमट झालेली कापलेली पाने आणि टोमॅटो, आणि ज्यांचा वेळ सांगता येत नाही असे तुकडे, हे सर्व टाकून द्यावे.