सहा नंबरला पत्र

प्रिय सहा नंबर,

तुझा मेसेज रात्रीच वाचला. दोनपैकी कुठल्या फुटबॉल क्लबकडून खेळू, या प्रश्नाला व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही, म्हणून हे पत्र. उत्तर आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. लहान क्लबला हो म्हण.

मोठ्या क्लबचं नाव मलाही दिसतं. तो लोगो छातीवर लावून तू नेरुळ स्टेशनला उतरलीस तर चार लोक वळून बघतील, हेही कळतं. पण त्यांच्या कोचनी काय सांगितलं ते तूच लिहिलं आहेस: ‘सध्या लेफ्ट-बॅकला कव्हर म्हणून घेतो, मिडफिल्डचं पुढे बघू.’ म्हणजे बचावातल्या डाव्या जागेची बदली खेळाडू. अगं, हे ‘पुढे बघू’ दोन-दोन सीझन चालतं. लहान क्लब आयडब्ल्यूएल-२ मध्ये, म्हणजे महिलांच्या राष्ट्रीय लीगच्या दुसऱ्या पायरीवर आहे, हॉस्टेलचं जेवण बेताचं आहे, पण तिथे तुला मधल्या फळीत पहिल्या अकरात जागा आहे.

स्ट्रायकरचं वेगळं असतं. शेवटची दहा मिनिटं मिळाली आणि एक गोल लागला, तरी तिचं नाव होतं. बचावफळीच्या पुढ्यात खेळणाऱ्या सहा नंबरचं, म्हणजे तुझ्या जागेचं, तसं नाही. सहा नंबर खरी कळते ती सत्तराव्या मिनिटानंतर, पाय जड झालेले असतात आणि समोरच्या तिघी एकदम अंगावर येतात तेव्हा. त्या वेळी चेंडू मागायचा की लपायचं, हे प्रॅक्टिसमध्ये शिकता येत नाही. ते मॅचमध्येच शिकायचं असतं, आणि तेही दर आठवड्याला, चुका करत.

आता तुझ्या खेळाबद्दल. क्लब कुठलाही निवडलास तरी हे तुझ्याबरोबर येणारच आहे.

तू मान फिरवत नाहीस. चेंडू तुझ्याकडे येत असताना तू चेंडूकडेच बघत राहतेस, तो पायात आला की मग डोकं वर करतेस, आणि तोवर कुणीतरी पाठीला चिकटलेलं असतं. गेर योर्डेट नावाच्या नॉर्वेच्या संशोधकांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं क्लोजअप चित्रीकरण तपासलं. चेंडू मिळण्याआधी जे खेळाडू वारंवार आजूबाजूला बघून घेत होते, त्यांचे पास जास्त अचूक जात होते. त्यात मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड अगदी वरच्या रांगेत. लॅम्पार्ड हा काही जगातला सर्वांत चपळ माणूस नव्हता, पण चेंडू येईपर्यंत त्याचं अर्धं काम उरकलेलं असायचं. चेंडू सेंटर-बॅककडून, म्हणजे मधल्या बचावपटूकडून, निघाला की एकदा डावीकडे बघ, एकदा उजवीकडे, आणि शरीर अर्धं वळवून उभी राहा. पहिला टच कुठे न्यायचा हे चेंडू पोचण्याआधी ठरलेलं पाहिजे.

ही खोड कुठून लागली तेही मला ठाऊक आहे. आपल्याकडे सगळं टर्फवर चालतं. पुलाखालचं टर्फ, मॉलच्या गच्चीवरचं टर्फ, तासाच्या भाड्याचं, पाच विरुद्ध पाच. पायाची सफाई तिथे येते, नाही म्हणत नाही. पण चारी बाजूंनी जाळी असली की चेंडू बाहेर जात नाही, आणि चाळीस मीटरवर कोण मोकळी आहे हे बघायची गरजच पडत नाही. मोठ्या सामन्यांचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं असतं. तिथे पहिल्यांदा उतरलेली टर्फवरची मुलगी एक तर चेंडूमागे पळत सुटते, नाहीतर हरवते. तू पळत सुटतेस. बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं, केवढी मेहनती पोर! मला वाटतं, जागा सोडली. बचावफळीच्या पुढ्यात तू उभी असतेस म्हणून तिथून पास जात नाही, हेसुद्धा काम आहे. त्याची रील होत नाही, आणि म्हणून ते करायला कुणाला आवडत नाही.

बार्सिलोनाच्या ऐताना बोनमातीच्या मॅचेस पूर्ण बघ, तुकडे नकोत. उंची बेताची, धडधाकट म्हणावी अशीही नाही, आणि २०२३, २०२४, २०२५ असे सलग तीन बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार, तिच्या नावावर. तिच्या पायात चेंडू नसताना ती काय करते तेवढंच बघ. पहिल्या वेळी कंटाळा येईल. येऊ दे.

शरीराचं थोडक्यात सांगते, पण हलक्यात घेऊ नकोस. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना बराच जास्त असतो. अलेक्सिया पुतेयास सलग दोनदा बॅलन डी’ओर जिंकलेली. जुलै २०२२ मध्ये युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, तोंडावर आली असताना सरावात तिचा एसीएल गेला, आणि मैदानावर परत यायला पुढचा एप्रिल उजाडला. तिच्याकडे बार्सिलोनाचे डॉक्टर होते. आपल्याकडे काय आहे ते तुला माहीत आहे. म्हणून ‘फिफा ११+’चा वॉर्म-अप रोज, वीस मिनिटं, न चुकता: एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं, हॅमस्ट्रिंगचे म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम. क्लबमध्ये कुणी करून घेत नसेल तर एकटीने कर. हसतील. हसू देत.

आता देशाचं. तू लिहिलंस, ‘मोठ्या क्लबात गेले तर इंडिया कॅम्पला लवकर बोलावतील ना?’ कॅम्प थोड्या दिवसांचा असतो. तिथे नवीन जागा शिकवायला कोचकडे वेळ नसतो. तू आठवड्यामागून आठवडा जे काम क्लबसाठी करते आहेस, तेच त्यांना उचलून न्यायचं असतं. बाकावर बसणारीचं कुठलं काम उचलून नेणार?

संगीता बासफोर आठवते? ५ जुलै २०२५, चियांग माई. आशियाई कपच्या पात्रता फेरीतली शेवटची मॅच, समोर यजमान थायलंड. भारत २-१ जिंकला आणि दोन्ही गोल संगीताचे, एका मिडफिल्डरचे. त्याच फेरीत आपण मंगोलियाला १३-० हरवलं होतं, पण ती मॅच आज कुणाला आठवत नाही. पात्रता फेरीतून महिला आशियाई कपमध्ये पोचायची भारताची ही पहिलीच वेळ होती. त्याआधी २०२२ ला आपण यजमान म्हणून खेळलो, आणि तेही इथेच, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. इराणशी ०-० झालं. मग संघात कोविड पसरला, चायनीज तैपेई म्हणजे तैवानविरुद्ध उतरवायला पुरेशा मुलीच उरल्या नाहीत आणि भारत स्पर्धेबाहेर. त्याच मैदानात ६ फेब्रुवारीला फायनल झाली, चीनने दोन गोलांनी मागे असताना दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं. आपल्या मुली तेव्हा घरी बसल्या होत्या.

हे मुद्दाम सांगतेय. या धंद्यात तुझ्या पायात नसलेल्या गोष्टी खूप आहेत. २०२२ च्याच ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, तेव्हा गोकुलम केरळा क्लबच्या मुली एएफसीच्या, म्हणजे आशियाई महासंघाच्या, क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. न खेळता परत आल्या. त्यांचा काय दोष? काही नाही. आणि देशाच्या जर्सीसाठी सगळं निमूट सोसायचं असतं असंही कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. स्पेनच्या पंधरा जणींनी सप्टेंबर २०२२ मध्ये फेडरेशनला कळवलं होतं की या परिस्थितीत आम्हाला निवडू नका. ऐताना त्यांच्यातलीच एक. वर्षभराने तीच वर्ल्ड कप जिंकून आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरून परतली. अर्थात तसं बोलायला आधी संघात असावं लागतं, ते तुझं अजून व्हायचंय!

तुझ्या बाबांनी मला फोन केला होता. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘मॅडम, यात पोट भरतं का?’ चिडू नकोस त्यांच्यावर, प्रश्न रास्त आहे. मी खोटं सांगितलं नाही. महासंघाने २०२३ मध्ये आयडब्ल्यूएलच्या क्लबांना किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला निदान ३.२ लाखांचे करार करायला सांगितलं. म्हणजे महिना सत्तावीस हजारांच्या आसपास, तेही वरच्या लीगमध्ये. तू खालच्या लीगला चालली आहेस. म्हणून बारावीनंतरची ॲडमिशन सोडायची नाही. डिस्टन्स चालेल, पण डिग्री पाहिजे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. मान्यताप्राप्त स्पर्धांची सर्टिफिकेटं जपून ठेव, लॅमिनेट मात्र करू नकोस. संगीता सशस्त्र सीमा बलात आहे. भारताकडून मधल्या फळीत खेळलेली इंदुमती कदिरेसन तामिळनाडू पोलिसांत सब-इन्स्पेक्टर आहे. दोघींचा खेळ नोकरीमुळे थांबला नाही. उलट माझ्या मते पगार ठरलेला असला की मुलगी चेंडू न घाबरता मागते.

मोठ्या क्लबला नाही कळवताना नीट कळव, दोन ओळी का होईना, त्यांच्या कोचना थेट. कारण खरं सांग: मला मिडफिल्डला खेळायचंय. फुटबॉलचं जग छोटं आहे, दोन वर्षांनी तेच कोच दुसऱ्या क्लबात असतील.

लहान क्लबच्या करारात तीन गोष्टी मला बघायच्या आहेत. दुखापत झाली तर ऑपरेशनचा आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कुणाचा. मधेच सोडायचं झालं तर काय. आणि सीझन लांबला तर पगार चालू राहणार की नाही. ही शेवटची शंका उगाच नाही, जुलै २०२५ मध्ये पुरुषांची वरची लीग, आयएसएलसुद्धा लांबणीवर पडली होती. एजंट म्हणवणारा तो माणूस घाई करत असेल तर त्याला माझा नंबर दे.

शनिवारी प्रॅक्टिसनंतर बाबांना घेऊन ये, कराराची प्रिंट काढून आण. सही तिथे करायची नाही, आधी वाचायचं.

तुझी,
मॅडम