वाचकांचे प्रश्न : गोली महाग पडला का स्वस्त?

प्रश्न : नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो, रिटायर होऊन पाच वर्षं झाली. पोरगा कॅनडात ऑटावाला असतो, त्याच्या नादानं मला आइस हॉकीचं वेड लागलं. थंडीत तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडं पहाटे साडेपाचला सुरू होते आणि आमच्या गल्लीत चार दिवसांआड पाणी पण त्याच टायमाला येतं, म्हणून मोटर लावायची आणि मॅच लावायची असा कार्यक्रम. शेजारचे दोस्त पण येतात बघायला, ते आधी यंत्रमाग कारखान्यात मुकादम होते. तर भांडण असं की २४ जून २०२४ ला ऑटावा सेनेटर्सनं बोस्टन ब्रुइन्सकडून लिनस उलमार्क हा गोली (म्हणजे गोलकीपर) घेतला आणि बदल्यात एक गोली, एक फॉरवर्ड आणि पहिल्या राउंडचा पिक दिला. मी म्हणतो सौदा एक नंबर. दोस्त म्हणतात एकासाठी तीन दिले, येड्यागत केलं, वरून त्याची पाठ दुखावली आणि प्लेऑफला टोरांटोनं हाणलंच की ओ. येत्या हुरड्याचा खर्च कुणी करायचा ते तुमच्या उत्तरावर ठरलंय, लवकर सांगा.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काका, हुरड्याचं शेवटी सांगतो, आधी तुमच्या दोस्तांचा ‘एकासाठी तीन’ हा हिशोब उसवू या, कारण मुकादमी केलेल्या माणसानं नग मोजून भाव करावा याचं मला जरा नवलच वाटलं.

तीन काय होते ते बघा. पहिला यूनास कोर्पिसालो. ऑटावानं त्याला २०२३ च्या जुलैत पाच वर्षांसाठी २ कोटी डॉलरवर घेतला आणि वर्षभरातच हात पोळले, शंभर फटक्यांत जेमतेम ८९ अडवायचा. ऐकायला ८९ चांगले वाटतात, दहावीच्या मार्कांसारखे, पण एनएचएलमध्ये, म्हणजे त्या अमेरिका-कॅनडाच्या लीगमध्ये, ८९ म्हणजे काठावर नाही, काठाच्या खाली. त्याची अजून चार वर्षं शिल्लक होती, वर्षाला ४० लाख डॉलर. तो करार बोस्टननं उचलला, ऑटावानं त्यातला पाव हिस्सा भरायचं कबूल केलं. म्हणजे हा तुम्ही ‘दिलेला’ माणूस नाही काका, हा तुमच्या डोक्यावरचा हप्ता होता आणि तो दुसऱ्यानं घेतला.

दुसरा मार्क कॅस्टेलिक. कष्टाळू पोरगा, अंगावर जाऊन खेळणारा, पण असे खेळाडू दरवर्षी मिळतात. तिसरा तो पिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिक म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतला नंबर, त्या नंबरला जो पोरगा शिल्लक असेल त्यातला उचलायचा. हा होता २५ वा. आणि यातली गंमत तुमच्या दोस्तांना नक्की सांगा, हा पिक मुळात बोस्टनचाच होता, तो डेट्रॉइटला गेला, तिथून ऑटावाला आला आणि ऑटावानं परत बोस्टनला दिला. हळदीकुंकवाचा ब्लाउजपीस कसा गावभर फिरून आपल्याच कपाटात येतो, तसलं हे.

आता आलेला माणूस. उलमार्कनं २०२२-२३ च्या सीझनला बोस्टनसाठी ४० मॅच जिंकल्या, शंभरात जवळजवळ ९४ अडवले, वर्षातल्या बेस्ट गोलीची व्हेझिना ट्रॉफी घेतली, आणि व्हँकुव्हरला तर मोकळ्या जाळीत लांबून पक (बॉलऐवजी असते ती रबरी चकती) मारून स्वतः गोल पण केला. ऑटावात आल्यावर ९४ राहिले नाहीत, ९१ वर आला. दोस्त म्हणणार, बघा, घसरला. पण रोज २८ फटके येतात असं धरा, ८९ वाला मॅचमागं तीनाच्या जरा वर गोल खातो, ९१ वाला अडीच. पन्नास मॅचला हा फरक २८ गोलांचा होतो. अठ्ठावीस गोल टाकणारा फॉरवर्ड बाजारात आणायला गेलात तर काय पडतं ते पोराला विचारा. आणि पहिल्या वर्षी उलमार्कचा पगार ५० लाख डॉलर होता, म्हणजे कोर्पिसालोचा पाव हिस्सा धरूनसुद्धा आधीपेक्षा २० लाखच जास्त गेले. २००५ पासून सगळ्या क्लबांना पगाराची एकच कॅप (वरची मर्यादा) आहे, त्यामुळं तिथं हे २० लाख बघावेच लागतात, मालक कितीही पैसेवाला असू दे.

माझं म्हणणं एवढंच की गोलीची किंमत ठरवताना आलेल्याकडं नंतर बघायचं, आधी जाळीत कोण उभा होता ते बघायचं. ऑटावाकडं बाकी सगळं बऱ्यापैकी होतं आणि जाळीत भोक होतं. २०१७ नंतर प्लेऑफ बघितली नव्हती त्यांनी, २०२५ ला बघितली. टोरांटोनं ४-२ नं घरी पाठवलं हे खरं, आणि त्या सिरीजमध्ये उलमार्क चांगला नव्हता हेही खरं, तिथं तुमच्या दोस्तांना एक मार्क. पाठीचं पण खोटं नाही, डिसेंबरात बसला तो बाहेर, तेव्हा लेव्ही मेरिलायनेन नावाच्या नवख्या पोरानं जानेवारीत गाडी ओढली. पण दुखापत बघून सौदा वाईट म्हणायचं तर मग बैल घेताना तो पुढच्या वर्षी लंगडणार का हे पण विचारावं लागेल.

खरा प्रश्न ट्रेडचा नाहीच, पुढच्या कराराचा आहे. ऑक्टोबर २०२४ ला ऑटावानं त्याला आणखी चार वर्षं दिली, वर्षाला ८२.५ लाख डॉलर, आणि त्या करारातला पहिला सीझन सुरू झाला तेव्हा त्याला ३२ वर्षं पूर्ण झालेली. बोस्टननं ज्याच्यासाठी उलमार्कला सोडला त्या जेरेमी स्वेमनला त्याच आठवड्यात बरोब्बर तेवढेच ८२.५ लाख दिले, पण आठ वर्षं आणि तो पाच वर्षांनी लहान. त्या सीझनला बोस्टन गटात तळाला गेलं हा भाग वेगळा.

तर निकाल असा, ट्रेड स्वस्तात झाला, करार महाग झाला. हुरडा दोस्तांकडून, शेंगाचटणी, गूळ, दही आणि शेतापर्यंत जायची गाडी तुमच्याकडून.

प्रश्न : भाऊ, गोलीचा आजपर्यंतचा सगळ्यात मोठा ट्रेड कुठला? आमच्या ग्रुपवर एकजण म्हणतोय की हार्दिक पांड्याच्या ट्रेडपुढं सगळं किरकोळ आहे बे. 
— कॉलेजवाला, अशोक चौक

उत्तर : हार्दिकचा ट्रेड गाजला खूप, पण २०२४ ला मुंबई पॉइंट टेबलात शेवटची आली, त्यामुळं ग्रुपवर तो विषय फार ताणू नको.

मोठा म्हणशील तर पॅट्रिक रॉय. लिहितात रॉय, फ्रेंच लोक म्हणतात ‘र्‍वा’, तुझ्या ग्रुपवर हे टाकलंस तर दोन दिवस त्यावरच वाद चालेल. २ डिसेंबर १९९५, मॉन्ट्रियल घरच्या मैदानावर डेट्रॉइटकडून ११-१ हरत होतं. कोचनं रॉयला बाहेर काढायचं नावच घेतलं नाही, नऊ गोल खाईपर्यंत उभा ठेवला. मधे एक साधा पक अडवला तर आपल्याच पब्लिकनं टिंगलीनं टाळ्या वाजवल्या, यानं पण हात वर करून त्यांना उत्तर दिलं. शेवटी बाहेर आला तो सरळ बेंचमागं बसलेल्या क्लबच्या अध्यक्षांकडं गेला आणि सांगितलं, ही माझी इथली शेवटची मॅच. चार दिवसांत कोलोरॅडोला गेला, सोबत कॅप्टन माइक कीन पण, बदल्यात तिघं आले. पुढच्याच जूनला कोलोरॅडोनं स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला, २००१ ला परत. मॉन्ट्रियलचा शेवटचा कप १९९३ चा, तोसुद्धा रॉय जाळीत असतानाचा.

यात एक गोष्ट लोक विसरतात. कोलोरॅडोची ही टीम आदल्या उन्हाळ्यापर्यंत क्वेबेक शहराची होती, मॉन्ट्रियलची हाडवैरी. टीम तिथंच असती तर रॉय मेला तरी त्यांना दिला नसता. आणि कोलोरॅडोत पीटर फोर्सबर्ग आणि जो साकिक हे फॉरवर्ड आधीच तयार होते, फक्त जाळी भरायची होती. वर काकांना सांगितलं तेच.

पण भारी सौदा म्हणजे मोठाच पाहिजे असं पण नाही. शिकागोनं १९९२ ला डॉमिनिक हाशेकला बफेलोकडं जवळजवळ चिल्लर घेऊन सोडला, कारण त्यांच्याकडं एड बेलफोर हा गोली आधीच होता. त्या हाशेकनं पुढं सहा व्हेझिना घेतल्या आणि १९९८ ला नागानोत चेक टीमला ऑलिंपिक गोल्ड काढून दिलं. शिकागोवाले नालायक होते असं मी म्हणणार नाही, गोली कधी पिकतो ते भल्याभल्यांना कळत नाही.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, शाळेच्या हॉकी टीममध्ये तिला गोलकीपर केलंय. तिथं जिला पळता येत नाही तिलाच उभी करतात म्हणून ती रडते. आता दुसऱ्या एका शाळेचे सर म्हणतात आमच्याकडं पाठवा, आम्हाला गोली हवी आहे. पाठवू का?
— एक आई, होटगी रोड

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तिला श्रीजेशचं सांगा. तो शाळेत पळायचा, उड्या मारायचा, व्हॉलीबॉल खेळायचा, तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा स्पोर्ट्स स्कूलमध्ये सरांनी त्याला गोलमध्ये उभा केला. किट घ्यायला वडलांनी गाय विकली. त्याच माणसानं टोकियोला आणि पॅरिसला ब्राँझ मिळवून दिलं, पॅरिसला ब्रिटनविरुद्ध तर आपण बराच वेळ दहाच जण खेळत होतो आणि शूटआउट त्यानं ४-२ नं काढला. त्याचा १६ नंबर आता सीनियर टीममध्ये कुणाला देत नाहीत.

शाळा बदलायचं म्हणाल तर त्या सरांना दोनच गोष्टी विचारा. गोलीसाठी वेगळी प्रॅक्टिस घेता का, आणि हेल्मेट, चेस्ट गार्ड, पॅड तिच्या मापाचे आहेत का? बऱ्याच ठिकाणी एकच किट असतं, सीनियर पोरांचं, त्यात आठवीची मुलगी उभी राहिली की कुणालाही वाटणार हिला पळता येत नाही. किट अंगाला बसत असेल तर पाठवा, नाहीतर आहे त्या शाळेतच सरांच्या मागं लागून पॅड बदलून घ्या, आणि तोवर हेल्मेट तरी स्वतःचं घ्या, दुसऱ्याच्या घामाचं हेल्मेट घालायचं म्हटल्यावर मी पण रडलो असतो.