नकार दे, पण लिहून दे

प्रिय,

नाव लिहीत नाही. तुझं प्रोबेशन अजून संपायचं आहे, आणि हे पत्र तू तुझ्या बँकेच्या शाखेत चार जणांना दाखवावंस असं मला वाटतं.

परवा तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. तू पुष्कळ बोललास, पण माझ्या डोक्यात तुझ्या मॅनेजरचं एकच वाक्य अडकून बसलं. 'कर्जाचा अर्ज घेऊच नकोस. घेतला की नोंद होते.' हे वाक्य मी स्वतः शाखेची मॅनेजर असताना बोललेली आहे, अगदी याच शब्दांत. तुझ्या मॅनेजरला शिव्या घालायचा अधिकार मला नाही तो त्यामुळेच. तुला आहे, पण घालू नकोस, उपयोग होत नाही.

तुझं म्हणणं मला कळलं. 2025 च्या सप्टेंबरात पावसानं सोयाबीन उभ्या शेतात सडवलं, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या, आणि आता ती माणसं काउंटरशी येतात तेव्हा तू 'साहेब मीटिंगला गेलेत' सांगतोस. वर पीककर्जासोबत विम्याची पॉलिसी खपवायचं टार्गेट. म्हणून तुला राजीनामा देऊन रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेला बसायचंय. 'नियम जिथं होतात तिथंच जातो, मावशी.'

बस परीक्षेला. पण नियम नाहीत म्हणून हे असं चाललंय, या समजुतीवर जाऊ नकोस. आधी शाखेतलं परिपत्रकांचं कपाट उघड.

1934 चा कायदा होऊन 1935 च्या एप्रिलात रिझर्व्ह बँक सुरू झाली, तेव्हाच तिच्यात शेतीकर्जाचा स्वतंत्र विभाग हवा असं कलम 54 मध्ये लिहिलेलं होतं. नोटा चलनात आणणाऱ्या, सरकारचा हिशेब सांभाळणाऱ्या बँकेला कुणब्याच्या कर्जाचं बघायला पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. (आपल्याकडे मराठवाड्यात तेव्हा निजामाचा हाली सिक्का चालायचा, त्यामुळे हे वारं आपल्यापर्यंत यायला वेळ लागला. आपल्याकडे सगळ्यालाच वेळ लागतो.) पुढं 1951-52 मध्ये याच बँकेनं गावोगाव माणसं पाठवून शेतकरी पैसा कुणाकडून घेतो ते विचारलं. गोरवाला समितीनं 1954 मध्ये आकडे मांडले: शंभरातले सत्तरएक रुपये सावकाराचे, सहकाराचे जेमतेम तीन, आणि व्यापारी बँकांचा एक रुपयासुद्धा नाही. आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. नंतरचं सगळं, म्हणजे 1955 ची स्टेट बँक, 1969 चं राष्ट्रीयीकरण, 1982 ची नाबार्ड, तू परीक्षेसाठी पाठ केलंच असशील. मी ते उगाळत बसत नाही.

तुझ्या पुस्तकात ज्याला एखादीच ओळ मिळाली असेल ते सांगते. 2003 मध्ये रिझर्व्ह बँकेनं कर्जदात्यांसाठी उचित व्यवहार संहिता काढली. तिच्यात दोन साध्या गोष्टी होत्या. कर्जाच्या प्रत्येक अर्जाची पोच द्या. आणि दोन लाखांपर्यंतचं कर्ज मागणाऱ्याला नाकारणार असाल, तर नाकारण्याचं मुख्य कारण लेखी कळवा. 2007 मध्ये दोन लाखांची अट गेली आणि हे सगळ्याच कर्जांना लागू झालं. संपलं. रिझर्व्ह बँक आपल्या दुधना नदीच्या काठी येऊन कर्ज वाटत नाही. ती एवढंच करते. बाकीचं तुझ्या काउंटरवर व्हायचं असतं.

त्या 2003 च्या परिपत्रकावर 'वाचले' लिहून मी सही केलेली आहे. पंच मारून फाइलला लावलं, ते हातही माझेच.

2005 सालची गोष्ट. दुधनेच्या काठच्याच एका गावचा माणूस विहिरीवर मोटार आणि पाइपलाइन घ्यायला चाळीस हजार मागत होता. सातबारा, आठ-अ, चतुःसीमा, सगळे कागद पिशवीत. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी या. तो आला. मी पुन्हा तेच म्हटलं. असे सात सोमवार. त्या गावची वसुली वाईट होती, आणि तिथं सध्या हात आखडता घ्या असं वरून तोंडी सांगितलेलं. तोंडी! सातव्या सोमवारी तो म्हणाला, "मॅडम, नाही तर नाही म्हना, पर लिहून तरी द्या. कोनाला दाखवाव तर हातात कागद न्हाई." मी चिडले. ही बँक आहे, तहसील कचेरी नाही, असं काहीतरी बोलले. रांगेतले दोघं हसले. मीही हसले असेन.

त्यानं महिना शेकडा पाचनं बाहेरून पैसे उचलले आणि तारण म्हणून दोन एकराचं खरेदीखत करून दिलं. खरेदीखत म्हणजे कागदावर जमीन विकलेलीच, ते तुला समजावून सांगायला नको. दोन पावसाळे वाईट गेले आणि जमीन गेली.

मला खरं लागलंय ते याच्यापुढचं. पुढं एकदा जुन्या थकबाकीच्या याद्या चाळताना सापडलं की तो भावाच्या कर्जाला जामीन होता आणि त्या खात्यावर अकरा हजार थकले होते. कागदोपत्री सांगता येण्यासारखं कारण होतं ते तेवढंच, आणि ते त्याला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं, कारण मी शोधलंच नव्हतं. सोमवार देणं सोपं होतं. मला नकार लिहायला लागला असता तर कारण शोधावं लागलं असतं. त्याला ते कळलं असतं तर एक गोऱ्हा बाजारात नेऊन त्यानं अकरा हजार भरले असते. तशी माणसं होती ती.

म्हणून तुला सांगते, पोच दे, आणि नकार द्यायचा तर लिहून दे. 'वरून सांगितलंय' हे कारण लिहिता येत नाही. 'तुमच्या गावाची वसुली वाईट आहे' हेही लिहिता येत नाही, कारण गाव कर्ज मागत नाही, माणूस मागतो. लिहायला बसलास की यातलं निम्मं आपोआप गळून पडतं.

मी वाईट मॅनेजर नव्हते, हेही ऐकून घे. सतरा गावं, आम्ही तीन माणसं, त्यात एक कायम रजेवर. आढावा बैठकीत एनपीएचा, म्हणजे थकून बुडीत चाललेल्या कर्जांचा, आकडा वाचून उभं केलं जायचं, आणि सगळ्या खोलीत मी एकटी बाई. त्या सात सोमवारांत मी चार बचत गटांची खाती उघडली, एका म्हाताऱ्याचं अडकलेलं पेन्शन सोडवलं. हे मी इतक्यांदा मनात म्हटलंय की पाठ झालंय. त्या माणसाला यातल्या एकाही गोष्टीचा उपयोग नव्हता.

पुढच्या शाखेत जाताना मी पदरच्या पैशानं कार्बनची दोन प्रकारची पुस्तकं शिवून घेतली, पोचेची आणि नकाराची. वरून फोन आला, 'मॅडम, बँकिंग लोकपालाकडे तक्रार घेऊन जायला तुम्हीच लोकांच्या हातात कागद देताय.' हो, देते. त्यानंतरचं प्रमोशन मला मिळालं नाही. ते त्यामुळेच असं मी म्हणते, आमचे हे म्हणतात मुलाखत वाईट झाली. एका पठ्ठ्यानं तर माझं नकाराचं पत्र पारावर चार लोकांत वाचून मला शिव्या घातल्या. नकार बरोबर होता, कर्ज बुडालंच असतं. पण त्याला शिव्या घालायला तरी काहीतरी मिळालं.

आता तुझ्या सोयाबीनवाल्यांचं. पीक 33 टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन करायचं, म्हणजे परतफेडीला नव्यानं मुदत लावून द्यायची, ही त्यांचं नुकसान झालं तेव्हाची रिझर्व्ह बँकेची तरतूद. आधी मर्यादा 50 टक्के होती, 2015 मध्ये ती खाली आली. 2018 च्या निर्देशांत नुकसान निम्म्याच्या वर असेल तर परतफेडीला पाच वर्षांपर्यंत मुदत दिलेली होती, आणि पुन्हा उभं राहायला नवं कर्जही द्यायचं होतं. जिल्ह्याच्या बँक समितीत काय ठरलं ते लीड बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, मॅनेजरला लेखी विचार. तोंडी विचारशील तर तोंडीच उत्तर येईल.

हे केलं नाही तर काय होतं ते तू येत्या मार्चमध्ये बघशील. शेतकरी शेकडा तीननं आठ दिवसांसाठी पैसे उचलतो, खात्यात भरतो, पुढच्या आठवड्यात तेवढंच कर्ज पुन्हा काढतो आणि सावकाराला नेऊन देतो. आपण त्याला 'नवं-जुनं' म्हणतो. वसुली शंभर टक्के दिसते, बैठकीत टाळ्या पडतात. 1954 च्या आकड्यांतले सावकाराचे सत्तर रुपये बँकेच्या दारातूनच आत-बाहेर करतात, वर्षातून एकदा. मी अशा टाळ्या घेतलेल्या आहेत.

एक गंमत सांगून ठेवते. बँकांनी कर्जाचा 18 टक्के हिस्सा शेतीला द्यायचा असतो. व्यापारी बँक कमी पडली तर उरलेले पैसे नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीत जातात, 1995 पासूनची व्यवस्था आहे, आणि त्या निधीतून राज्य सरकार खेड्यातले रस्ते-पूल करतं. तुझ्या शाखेपुढचा डांबरी रस्ता न दिलेल्या कर्जाचा असू शकतो. चिखल न तुडवता शेतकरी नकार ऐकायला यावा म्हणून.

विम्याचं मी दोन ओळींत संपवते. कर्जाला पॉलिसी जोडून गळ्यात मारायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. सक्ती कर असं कुणी म्हणालं तर ईमेलवर सांगा म्हण. ईमेल येणार नाही.

आणि लोकांना रिझर्व्ह बँकेचा लोकपाल सांग. 2021 पासून देशभर एकच योजना आहे, फी नाही, वकील नाही. आधी बँकेकडे तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुढं, साध्या कागदावर पोस्टानं चंदीगडला पाठवली तरी चालते. पण तक्रारीला जोडायला कागद लागतो. आणि तो तू दिलेला असतो. किती वेळा सांगू?

परीक्षेचं तुझं तू ठरव. मुंबईतही चांगली माणसं लागतातच. माझं म्हणणं एवढंच की, जायच्या आधी एक महिना तरी पोच दे. एक महिना. त्यातून काय होतं ते बघ आणि मग राजीनामा लिही. तोही लेखीच.

माझ्या पुस्तकांतली दोन कोरी उरली होती, ती सोबत पाठवतेय. कार्बन वाळले असतील, तिथल्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतात का बघ, नाहीतर मी परभणीहून पाठवते. आणि तुझ्या आईनं त्या मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेव ठेवलीय म्हणे, जास्त व्याज मिळतं म्हणून. नावापुढं काहीही लिहिलेलं असो, पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जो विमा असतो तो तिथं लागू नाही. तिला म्हणावं, पावती घेऊन रविवारी माझ्याकडे ये.

तुझी,
मावशी