फोन चांगला असताना खिशात मावणारा महागडा कॅमेरा घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की फोनचा कॅमेरा उत्तम असताना लेन्स न बदलणाऱ्या छोट्या पण महागड्या डिजिटल कॅमेऱ्यावर खर्च करावा, की तो पैसा वाया जाईल.

तुमच्या फोटोंत हलती माणसं आणि कमी उजेड असेल, किंवा दूरचं जवळ आणायची गरज वारंवार पडत असेल, तर जरूर घ्या. डोंगर, इमारती, रात्रीचा निर्मनुष्य रस्ता असं स्थिर काही टिपत असाल तर घेऊ नका. तिथे फोन एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो आणि बऱ्याचदा या कॅमेऱ्यांच्या साध्या जेपेगपेक्षा (कॅमेऱ्याने स्वतःच तयार केलेल्या फोटोपेक्षा) सरस चित्र देतो. नेमकी हीच युक्ती माणूस हलला की फसते. फ्रेम एकमेकांवर बसत नाहीत, मग केस ब्रशने चितारल्यासारखे दिसतात, हात पुसट होतो, आणि चेहरा गुळगुळीत होऊन ओळखीचा वाटेनासा होतो.

आता पैसे कशाचे जातात ते बघू. या कॅमेऱ्यांत बहुधा ‘एक इंची’ सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) असतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या चित्र टिपणाऱ्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. प्रत्यक्षात तो सेन्सर १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिमी भरतो. स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिमी असतो, म्हणून त्या वर्गाशी तुलनाच नको. पण चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर आज १/१.३ इंचाच्या आसपास, म्हणजे ७० चौरस मिमीच्या घरात पोचलाय. काही फोनमध्ये तर एक इंची सेन्सरच आहे. त्यामुळे ‘मोठा सेन्सर’ एवढ्या शब्दावर पाकीट उघडू नका.

खरी तुलना सेन्सर आणि ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एकत्र धरून करावी लागते. लेन्सचा एफ-आकडा (ॲपर्चर किती उघडं ते सांगणारा) सेन्सरच्या क्रॉप गुणकाने (फुल फ्रेमपेक्षा सेन्सर किती पट लहान तो आकडा) गुणला की फुल फ्रेमच्या, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबात एकूण किती प्रकाश मिळतो ते कळतं. जितका आकडा लहान, तितका प्रकाश जास्त. एक इंची सेन्सरचा गुणक २.७, १/१.३ इंचीचा सुमारे ३.५. फोनची मुख्य लेन्स एफ/१.८ असेल तर उत्तर येतं ६.३. सोनी आरएक्स१०० या एक इंची कॅमेऱ्याच्या सातव्या आवृत्तीची लेन्स २४-२०० मिमी, एफ/२.८-४.५ आहे (मिमीचा आकडा लहान तर देखावा रुंद, मोठा तर दूरचं जवळ). तिचं रुंद टोकाला उत्तर येतं ७.६. म्हणजे २४ मिमीला तो कॅमेरा फोनपेक्षा कमी प्रकाश गोळा करतो! संध्याकाळी घरात तोच कॅमेरा काढून ‘फोनएवढंही नाही आलं’ म्हणणारे लोक खोटं बोलत नसतात.

झूम केल्यावर मात्र हिशेब उलटतो. फोनच्या टेलिफोटो (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्समागे अनेकदा फार छोटा सेन्सर असतो. १/३.५ इंची सेन्सर आणि एफ/२.८ धरलं तर त्याच गुणाकाराचं उत्तर २४ च्या आसपास जातं. त्याच कॅमेऱ्याच्या २०० मिमी टोकाला ते १२ येतं, म्हणजे जवळपास चौपट प्रकाश. कमी उजेडात काही फोन टेलिफोटो लेन्स वापरतच नाहीत, मुख्य कॅमेऱ्याचं चित्र कापून मोठं करून दाखवतात. ही फसवणूक पकडायची असेल तर फोनची टेलिफोटो लेन्स बोटाने झाका. पडद्यावरचं चित्र काळं झालं नाही, तर ती लेन्स वापरात नाही.

म्हणून २४-२०० मिमी झूम उन्हातल्या भटकंतीसाठी ठेवा. घरातले समारंभ आणि मुलं हे मुख्य काम असेल तर आखूड पण उजळ (लहान एफ-आकड्याचा, जास्त प्रकाश घेणारा) झूम घ्या. आरएक्स१०० ची तिसरी ते पाचवी आवृत्ती (२४-७० मिमी, एफ/१.८-२.८) किंवा कॅननचा जी७ एक्स मार्क ३ (२४-१०० मिमी, एफ/१.८-२.८) त्यात बसतात. एफ/२.८ ऐवजी एफ/१.८ म्हणजे जवळपास अडीच पट प्रकाश. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे दिसतात) ३२०० च्या जागी साधारण १२५० वर काम भागतं आणि त्वचेच्या रंगात हा फरक लगेच दिसतो. कॅननला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, भर उन्हात पडदा दिसेनासा होतो, हे आधीच लक्षात घ्या.

माझा कल विचाराल तर झूम सोडायची तयारी असणाऱ्याने सरळ एपीएस-सी सेन्सरकडे जावं. त्याचं क्षेत्रफळ एक इंचीच्या तिप्पट असतं. रिको जीआर ३ (फुल फ्रेमच्या हिशेबात २८ मिमी समतुल्य, एफ/२.८) बॅटरी-कार्डासह २५७ ग्रॅमचा आहे आणि तो खरोखर शर्टाच्या खिशात जातो. जीआर ३ एक्स ४० मिमीचा, माणसांसाठी जास्त सोयीचा. फुजीफिल्म एक्स१००व्हीआय (२०२४, ३५ मिमी समतुल्य, एफ/२) ५२१ ग्रॅमचा. तो खिशात मावत नाही, गळ्यात अडकवावा लागतो. त्याला पावसाच्या शिंतोड्यांपासून पूर्ण संरक्षण हवं असेल तर वेगळी ॲडॉप्टर रिंग आणि संरक्षक फिल्टर लावावा लागतो.

फ्लॅशबद्दल फार कमी लोक बोलतात, आणि मला ते खटकतं. फोनचा एलईडी हा खरा फ्लॅश नव्हेच. या कॅमेऱ्यांतला झेनॉन फ्लॅश क्षणार्धात चमकतो आणि हालचाल गोठवतो. शिवाय शटर (उघडझाप करून प्रकाश आत सोडणारा भाग) लेन्समध्येच असल्यामुळे १/१००० सेकंद इतक्या वेगालाही फ्लॅश जुळतो. भर दुपारी सूर्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची सावली त्यामुळे भरून काढता येते. फक्त जीआर ३ मध्ये फ्लॅश अंगभूत नाही, वरून बसवावा लागतो.

आता बिघाड. सर्वांत मोठा शत्रू धूळ. लेन्स बाहेर येताना आत हवा ओढली जाते आणि तिच्याबरोबर खिशातले कापसाचे तंतूही. लेन्स निघत नसल्याने सेन्सर घरी साफ करता येत नाही, पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो. म्हणून उघडा खिसा नको, स्वतंत्र पातळ पाऊच हवा. वाळूवर तर लेन्स बाहेर काढूच नका. एक कण नळ्यांच्या मध्ये अडकला की ‘लेन्स एरर’ येते. लेन्स बाहेर असताना धक्का बसला की नळी तिरकी होते आणि फोटोची एक बाजू कायम पुसट येत राहते.

वापरलेला घेत असाल तर ॲपर्चर शक्य तितकं बंद करून (एफ/११ किंवा एफ/१६) निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. करड्या गोल डागांची जागा दोन-तीन फोटोंत तीच असेल तर आत धूळ आहे. मग वर्तमानपत्र भिंतीवर सपाट चिकटवून, कॅमेरा बरोबर समोर ठेवून, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं ताडून बघा. एकच कोपरा पुसट असेल तर व्यवहार सोडून द्या. दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स बाहेर येताना करकर आवाज किंवा अडखळणं चालणार नाही.

बॅटरी छोटी असते. जीआर ३ आणि एक इंची कॅमेरे एका चार्जवर साधारण २०० ते ३२० फोटो देतात, तेव्हा एक जादा बॅटरी खर्चात आधीच धरा.

कॅमेरा हातात आल्यावर ‘ऑटो’ वर ठेवू नका. ॲपर्चर मोड घ्या आणि ते पूर्ण उघडं ठेवा. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा एक इंचीसाठी ३२०० आणि एपीएस-सीसाठी ६४०० ठरवा. मग मेनूतला किमान शटर वेग शोधा. बसलेल्या माणसांना १/१२५ सेकंद, चालणाऱ्यांना १/२५०, धावणाऱ्या मुलांना १/५००. हा एक आकडा न बदलल्यामुळे कित्येकांचे घरातले फोटो हललेले येतात आणि दोष कॅमेऱ्याला मिळतो. रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) आणि जेपेग दोन्ही साठवा, कारण अंधारलेला भाग नंतर उजळायची मुभा रॉमध्येच जास्त असते.

अजूनही मन ठरत नसेल तर फोनमधले अलीकडचे शंभर फोटो काढून बसा आणि त्यातले हललेले, झूम करून फाटलेले किंवा चेहरा बिघडलेले मोजा. पंचवीस-तीस निघाले तर कॅमेरा घ्या, आणि ते बहुतेक कोणत्या प्रकारचे आहेत त्यावरून झूम की उजळ लेन्स हे ठरवा. पाच-सात निघाले तर फोनच ठेवा. मोजून काय निघालं ते इथे लिहा, म्हणजे नेमकं मॉडेल सुचवता येईल.